थंडी चारायला

आमच्या कॉलनीत आप्पा शेंडग्यांचं घर कोणतं, हे नव्या माणसाला सांगावं लागत नसे. पावसाळा सरत आला की ते वासावरून सापडे.

नव्वदच्या सुमारास शिरूर गावाबाहेर आम्हा नोकरदारांची ही कॉलनी उभी राहिली, तेव्हा प्रत्येकाने कुंपणाच्या आत आपापल्या समजुतीची हिरवळ लावून घेतली. कुणी अशोक लावले, कुणी क्रोटन, कुणी गुलाबाच्या कुंड्या आणून त्यांना चहाचा चोथा घातला. आप्पांनी मेंढ्या बसवल्या. मेंढ्या बसवणं ही आमच्याकडची जुनी रीत. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतो, कळप रात्रभर मोकळ्या रानात बसतो, सकाळी रानाला खत मिळालेलं असतं आणि धनगराला धान्य. ही रीत पाच-दहा एकरांसाठी आहे. आप्पांनी ती दीड गुंठ्याच्या परसाला लावली. दरसाल भाद्रपदाच्या शेवटी कवठे येमाईचा त्यांचा चुलतभाऊ शिवा फिरत फिरत इकडे येई आणि कळपातली डझनभर मेंढरं एका रात्रीपुरती आप्पांच्या परसात मुक्काम करत.

दुसऱ्या दिवशी कॉलनीचे अध्यक्ष धुमाळसाहेब नाकाला रुमाल लावून निषेध नोंदवायला येत. धुमाळसाहेब निवृत्त राजपत्रित अधिकारी होते. हे त्यांनीच सांगितलेलं आहे, आणि कुणी विसरू नये म्हणून दारावरच्या पाटीवरही कोरलेलं आहे. आप्पा त्यांचं सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "साहेब, वास चार दिस हाय. शेवंती चार म्हैनं हाय. बघा तुमीच."

शेवंती खरोखरच चार महिने असे. दसऱ्याच्या पूजेला धुमाळांच्या घरून परडी येई ती आप्पांच्याच दारात.

आप्पा स्वतः धनगराच्या घरातले. वडील जन्मभर मेंढरांमागे हिंडले. आप्पा सातवीपर्यंत शिकले, एस.टी.त कंडक्टर म्हणून चिकटले आणि शेवटची बरीच वर्षं स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खोलीत बसायचं, समोरच्या वहीत सह्या घ्यायच्या आणि मायक्रोफोनमधून गाड्या पुकारायच्या. निवृत्तीबरोबर मायक्रोफोन गेला, आवाज राहिला. बागेबद्दल ते बोलायचे तेही त्याच भाषेत. शेवंती फलाटाला लागली. गवारीनं मधला स्टॉप घेतला नाही, थेट शेंगेवर आली. टोमॅटो न्हावऱ्याच्या घाटात बंद पडलाय. (न्हावऱ्याला घाट नाही. हे मी एकदा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हून तर काळजी हाय.") आणि काही उगवायला उशीर झाला की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "लेट हाय, रद्द न्हाई." सगळ्या नोकरीत आपण एकही गाडी रद्द पुकारली नाही, असं ते अभिमानाने सांगत. त्यातल्या काही अजून येत असाव्यात.

त्यांच्या पत्नीला सगळे आक्का म्हणत. आक्का कमी बोलत, पण बोलल्या की आप्पांच्या भाषणातली हवा निघून जाई. मी शेजारी, बँकेतला. माझा या सगळ्याशी संबंध इतकाच की आमच्याकडे फोन होता. त्यांचा मुलगा बबन इंजिनियर होऊन स्कॉटलंडला गेला होता आणि दर रविवारी त्याचा फोन आमच्या घरी येई. आप्पा फोनवरही फलाटावरच्या पाचशे माणसांना ऐकू जाईल असं बोलत. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते मी चोरून ऐकलेलं नाही. कुणालाच तशी गरज पडली नाही.

दशक संपत आलं तेव्हा बबनने आई-वडिलांना तिकडे बोलावलं. आक्का गेल्या नाहीत. परसाला पाणी कोण घालणार, असं त्या म्हणाल्या. खरं कारण त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. चार महिने त्या थंड घरात एकट्या यांचाच आवाज ऐकत बसायचं, त्यापेक्षा विहिरीचा पंप बरा. तेव्हा आप्पा एकटेच गेले. ऑगस्टमध्ये गेले आणि नोव्हेंबरात परतले, म्हणजे तिकडचा उन्हाळा उतरताना पोचले आणि झाडं उघडी होताना निघाले.

तिथल्या उन्हाळ्याबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. एका दिवसात सगळे ऋतू येतात आणि संध्याकाळी कुठलाच राहत नाही. पाऊस रोज, पण त्याच्यात दम नाही, चाळणीतून पीठ पडावं तसा पडत राहतो. माणसं त्यात भिजत नाहीत, नुसती ओलसर राहतात. घरात करायला काही नव्हतं. सून-मुलगा कामाला जात. आप्पा खिडकीत उभे राहून शेजारच्या बागेकडे बघत. ती बाग जीन नावाच्या एका ऐंशीच्या घरातल्या बाईची होती. बाईला गुडघ्यांनी दगा दिलेला, म्हणून ती काठीने झाडं दाखवायची आणि स्वतःशीच बोलायची. तिसऱ्या दिवशी आप्पा कुंपणावरून पलीकडे गेले आणि तिच्या हातातलं खुरपं घेतलं.

दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. आप्पांच्या मते त्यामुळेच जमलं. जीनबाई काठी टेकवी तिथं आप्पा खणत. ती काठी उलटी करून हलवी तेव्हा थांबत. चूक झाली की ती काहीतरी पुटपुटे. आप्पा मराठीत उत्तर देत. संध्याकाळी बबन आला की ती त्याला विचारी, तुझे वडील मला काय म्हणाले? बबनला बहुतेक वेळा ते सांगता येत नसे.

तिथल्या बागकामाने आप्पा चक्रावून गेले. आपल्याकडे पाऊस सरला की माणूस पेरायच्या घाईत असतो. ज्वारी टाकायची, हरभरा टाकायचा, शेवंतीला माती लावायची. तिथं उलटं. सप्टेंबर लागला की बाई बाग आवरायला काढते. घेवड्याचे वेल उपटायचे, डेलियाचे गड्डे काढून, झटकून, कोरड्या वाळूच्या खोक्यात निजवायचे, पडलेली पानं झाडून एका कोपऱ्यात जाळीत कोंबायची म्हणजे वर्षाने त्यांची माती होते. ओल्या दिवसांत गोगलगाई निघत, त्या वेचून बादलीत टाकायच्या. आप्पा म्हणाले, "हितं जगवायला राबत्यात. तिथं निजवायला राबत्यात. पाळण्यात घालून थापटत्यात निसती." आणि हे सगळं निजल्यावर, झाडं पिवळी पडून गळायला लागल्यावर, जीनबाईने एक पिशवीभर कांदे आणले आणि ते गवतात पुरायला सांगितले. डॅफोडिलचे कंद. फुलं मार्चमध्ये येणार. तमाशा उठून लोक घरी निघाल्यावर तिकीट काढावं, तसं ते आप्पांना वाटलं. पण काठी टेकली तिथं त्यांनी पुरले.

मग मेंढ्यांची भानगड झाली. ही हकीकत मी आप्पांकडून बऱ्याच वेळा आणि बबनकडून एकदा ऐकली. मेंढ्यांच्या संख्येवर दोघांचं एकमत नाही. बाकी जुळतं.

गावामागच्या टेकडीवर मेंढ्या चरत. जगाच्या त्या टोकाला मेंढ्या बघून आप्पांना भरून आलं होतं. लोकर बघून त्यांचं मत चांगलं झालं आणि पाय बघून वाईट. त्या मेंढ्यांचा मालक एक तांबड्या तोंडाचा गडी होता. त्याच्याकडे कुत्रा आणि जीप होती. त्याला मराठी येत नव्हतं, आप्पांना इंग्रजी, पण मेंढीचा जबडा उघडून दातांवरून वय सांगणं दोघांनाही येत होतं. रोज सकाळी हे दोघे एखादी मेंढी धरून तिच्या वयावर बोटांनी वाद घालत.

ऑक्टोबरच्या अखेरीस जीनबाई बबनला म्हणाली की थंडी पडायच्या आत बागेत खत घालायला हवं. बबनने ते सहज वडिलांना सांगितलं. पुढचं आप्पांना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेकडीवर जाऊन त्या गड्याला हाताने जीनबाईचं घर दाखवलं, मेंढ्या दाखवल्या आणि गालाखाली हात ठेवून डोळे मिटले. त्या गड्याला काय वाटलं हे परमेश्वराला ठाऊक. बाईला गवत खाऊन हवं आहे असं वाटलं असावं. संध्याकाळी त्याने मेंढ्या आणून फाटकातून आत सोडल्या आणि आप्पांनी कडी लावली.

सकाळी जीनबाईने पडदा सारला. बागेत कोबी नव्हता. गुलाबाची पानं नव्हती. कुंपणाची कोवळी टोकं नव्हती. सगळीकडे लेंड्या होत्या आणि मधोमध आप्पा हात मागे बांधून, काम फत्ते झाल्याच्या समाधानाने उभे होते. आपल्याकडे मेंढ्या बसतात त्या रिकाम्या रानात, उभ्या बागेत नव्हे, एवढी एक गोष्ट आप्पांच्या लक्षातून गेली होती. त्यांच्या हिशेबाने बाग निजली होती.

बबन माफी मागायला पळाला. जीनबाई दारात काठी धरून उभी होती. तिने बागेवरून एकदा नजर फिरवली, मग ती हसायला लागली आणि हसता हसता पायरीवर बसली. तिने काठीने एक जागा दाखवली. गवतात आप्पांनी कंद पुरले होते, तिथे मेंढ्यांनी खुरांनी उकरलं होतं, काही कंद वरही आले होते आणि एकालाही दात लागला नव्हता. निघायच्या दिवशी तिने एक पिशवी भरून ते कंद आप्पांच्या हातात दिले. बबनने भाषांतर केलं. तुझ्या मेंढ्यांनी माझी सगळी बाग खाल्ली, एवढं एक सोडून. मेंढी याला तोंड लावत नाही. हे तुझ्या देशात नेऊन लाव आणि फूल आलं की मला दाखव. माझा विश्वास नाही की येईल.

"दावतो," आप्पा म्हणाले. मेंढ्यांच्या प्रकरणानंतर नाही म्हणायची सोयही नव्हती.

मुंबईच्या विमानतळावर एका माणसाने पिशवी उघडायला लावली आणि हे काय, असं हिंदीत विचारलं. आप्पांनी कांदा म्हणून सांगितलं. कुठून आणला? स्कॉटलंड. कुठे चालला? शिरूर. तो माणूस आमच्याच बाजूचा असावा. त्याने आप्पांकडे नीट पाहिलं, मराठीत म्हणाला, "शिरूरला? कांदा घेऊन?" आणि कणव येऊन सोडून दिलं.

पहिल्या वर्षी आप्पांनी ते सरळ परसात लावले. शिवाच्या मेंढ्या भाद्रपदात बसून गेल्या होत्या, माती तयार होती. पात आली, तरारून आली आणि तेवढ्यावरच राहिली. आक्का दोनदा विळी घेऊन आल्या, पातीचं पिठलं करते म्हणाल्या. बबनने फोनवर ओरडून सांगितलं होतं की ते विषारी असतं, म्हणून आप्पा आडवे पडले. फाल्गुनात पात वाळली. फूल नाही. माझी पिढी हे फूल शाळेत इंग्रजीच्या तासाला पाठ करून मोठी झाली, पण ते कुणी पाहिलं नव्हतं. ते दिसतं का बघायला मीही अधूनमधून कुंपणाशी जात असे. धुमाळसाहेबांनी मत दिलं की ही सगळी भूगोलाची अडचण आहे आणि भूगोल शासनाच्या अखत्यारीत येत नाही.

पुढल्या रविवारी फोनवर जीनबाईचा निरोप आला. या कंदांना फुलायच्या आधी दोन-तीन महिने कडक थंडी लागते. ती मिळाली नाही तर ते फुलतच नाहीत. शिरूरात कडक थंडी मिळण्याची जागा म्हणजे रसवंतीतला बर्फ, आणि तोही लाकडाच्या भुशात. आप्पांनी रिसीव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी ह्यांला चारायला न्यायला पायजे."

मला काही कळलं नाही. आप्पांनी समजावून सांगितलं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन हिंडायचे ते हौसेने नव्हे. इथला चारा संपला की चारा असेल तिथं न्यायचं, पोटभर चारायचं आणि वेळेवर माघारी आणायचं. हे कांदेही त्याच जातीचे. यांचा चारा थंडी. इथं नसेल तर असेल तिथं न्यायचे.

थंडी खुटबावला होती. आप्पांच्या गाडीचे जुने ड्रायव्हर मुलाणीमामा निवृत्त होऊन तिथल्या एका दूध शीतकरण केंद्रावर रखवालीला होते. तिथे लोणी ठेवायची खोली होती आणि तिच्यात बारमाही पौष महिना होता. कंद उन्हाळाभर आक्कांनी घरातल्या कांद्यांपासून दूर, वेगळ्या पोत्यात टांगून ठेवले होते. त्यातले वाचले ते भाद्रपद सरताच आप्पांनी पत्र्याच्या डब्यात ओल्या भुशात रचले आणि न्हावऱ्याच्या गाडीने चौफुल्याला, तिथून खुटबावला नेऊन लोण्याच्या शेजारी ठेवले. मामांनी डब्यावर खडूने 'शेंडगे' एवढंच लिहिलं. दर पंधरवड्याला आप्पा त्यांना बघायला जात. बघून काय करतात, असं मी विचारलं. "झाकण उघडतो. बरं हाय म्हणतो. झाकण लावतो."

आक्कांचं म्हणणं होतं की या माणसाने नोकरीत असताना सासुरवाडीला सुद्धा एवढ्या खेपा घातल्या नाहीत.

डिसेंबरच्या शेवटी चारणी संपली. कंदांना पांढरी मुळं फुटली होती. आप्पांनी ते कुंड्यांमध्ये लावून कडुनिंबाच्या सावलीत ठेवले. जानेवारीत पात आली, आणि एका कुंडीत पातीच्या मधून एक दांडा वर आला. टोकाला हिरवी, बंद कळी. एकच. बाकीच्या कुंड्यांनी मागल्या वर्षीचीच भूमिका घेतली होती.

ही बातमी धुमाळसाहेबांच्या कानावर गेली हा आप्पांचा दोष नव्हता, आवाजाचा होता. सव्वीस जानेवारीला कॉलनीत झेंडावंदन असे. त्याला जोडून धुमाळांनी 'विलायती पुष्प दर्शन सोहळा' ठेवला. तसा कापडी फलक रंगवून घेतला, मांडव घातला, पुण्याहून एक मान्यवर बोलावले. ते कशातले मान्यवर होते हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांच्याबरोबर दोन गाड्या आल्या होत्या. आप्पांनी सांगून पाहिलं की कळी अजून आठवडाभर तरी उघडत नाही. धुमाळ म्हणाले, पाहुण्यांची तारीख मिळाली आहे, आता कळीने जमवून घ्यावं.

कळीने जमवून घेतलं नाही. कुंडी टेबलावर, टेबलावर सतरंजी, कुंडीला हळद-कुंकू, आणि मधोमध ती कळी मान वाकडी करून, तोंड मिटून बसलेली. मान्यवर अर्धा तास बोलले. हे फूल म्हणजे दोन देशांमधला सेतू आहे असं त्यांनी सांगितलं आणि भाषणभर त्याचा उल्लेख ट्युलिप असा केला. नारळ फुटला. मग धुमाळसाहेब आप्पांच्या कानाशी वाकून कुजबुजले की जरा हाताने उघडता येईल का, पाहुण्यांना निघायचं आहे.

आप्पांनी कुजबुजून उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "साहेब, गाडी फलाटाला लागायच्या आधी दार उघडत न्हाईत. मान्सं पडत्यात." मांडवाला ऐकू गेलं. मान्यवरांनी टाळी वाजवली. त्यांना ती देशभक्तीपर म्हण वाटली असावी.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी दाढी करत असताना कुंपणापलीकडून घोषणा झाली, "भाऊसाहेब, लागली." मी साबणासकट गेलो. वीतभर दांड्यावर एक पिवळं फूल उघडलं होतं, मधे कप, भोवती पाकळ्या. चित्रातल्यासारखंच, फक्त चित्रात त्याच्यामागे पाण्याची सिमेंटची टाकी आणि वाळत घातलेलं लुगडं नसतं. आक्का आधीच उभ्या होत्या. "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ बघून म्हणाल्या, "रंग बाकी चांगला हाय. हळदीवानी." आणि पदर डोक्यावर घेतला, जणू कुणी पाहुणं आलं होतं.

आता खरी घाई होती. शब्द पाळायचा होता आणि फेब्रुवारीचं शिरूरचं ऊन तापलं की त्या फुलाचं आयुष्य फार नव्हतं. आप्पा सायकल काढून फोटोवाल्याकडे गेले. तो लग्नाला निघाला होता, संध्याकाळी चारला येतो म्हणाला, किंवा मग फूल तोडून स्टुडिओत आणा, पडद्यावर बर्फाचे डोंगर आहेत, त्याच्यापुढे झकास दिसेल. आप्पांनी हात जोडले. बर्फाच्या डोंगरापुढे काढलेलं फूल पाहून जीनबाई काय म्हणेल? तिच्याच गावातलं आहे म्हणेल. फोटोत शिरूर दिसलं पाहिजे. टाकी, कडुनिंब, आक्का, सगळं. आणि मेंढी.

मेंढी कशाला, असं मी विचारलं.

"तिचं म्हणणं मेंढरू तोंड लावत न्हाई. हितलं लावतंय का न्हाई, त्ये बी तिला कळाय पायजे."

शिवाला निरोप गेला. सकाळपासून चारपर्यंत आप्पा कुंडीशेजारी स्टुलावर बसले, एका हातात काळी छत्री धरून. सावली कडुनिंबाची सरके तसतशी छत्री सरके. छत्री फुलावर होती, आप्पा उन्हात. आक्का तांब्याभर पाणी आणून देत आणि परत जात. दुपारी धुमाळसाहेब येऊन बघून गेले. सोहळ्याचा फलक अजून धुऊन ठेवला नाही, पुन्हा लावता येईल, असं त्यांनी सुचवलं. आप्पांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

चारला फोटोवाला आला आणि पाठोपाठ शिवा, एम-एटी गाडीवर पुढे मेंढी आडवी घालून. आक्का नवं लुगडं नेसून कुंडीच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, आप्पा टोपी घालून दुसऱ्या. शिवाने मेंढीचं दावं धरलं. फोटोवाल्याने डोळा लावला.

"दावं सोड," आप्पा म्हणाले.

शिवाने दावं आणखी आवळलं. दोन वर्षांचा खटाटोप, खुटबावच्या खेपा, दिलेला शब्द, सगळं त्या वीतभर दांड्यावर उभं होतं, आणि मेंढी ही अशी गोष्ट आहे की ती वर्तमानपत्रही खाते. "आप्पा, खाईल की," तो म्हणाला.

"खाल्लं तर बाई खोटी. धरून ठिवली तर म्या खोटा. सोड."

शिवाने दावं सोडलं. मेंढी दोन पावलं पुढे आली. तिने नाक फुलाला लावलं, इतकं की फूल तिच्या श्वासाने हललं.  आक्कांनी पदराचं टोक दातात धरलं होतं. मेंढीने एकदा फुरफुर केलं, तोंड फिरवलं आणि सरळ जाऊन आक्कांच्या शेवंतीच्या वाफ्यात घुसली. त्याच क्षणी फोटो निघाला.

"बाई खोटं बोलली न्हवती," आप्पा हळू म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

त्या फोटोची एक प्रत माझ्याकडे आहे. आप्पा कॅमेऱ्याकडे न बघता फुलाकडे बघत आहेत. आक्कांचं तोंड मेंढीकडे आहे आणि त्या तिला काय म्हणत आहेत हे ओठांवरून कळतं. एका कोपऱ्यात मेंढीचा मागचा भाग आहे, तोंडातली शेवंती दिसत नाही. आणि मधोमध, टाकीपुढे, पिवळं फूल.

फोटो पोचल्यावर बबनचा फोन आला. जीनबाईने तो भिंग लावून पाहिला होता. आप्पा रिसीव्हर कानाला घट्ट लावून ऐकत होते. फुलाबद्दल ती काही म्हणाली नाही, फोटो मात्र शेकोटीवरच्या फळीवर ठेवला. एवढंच म्हणाली, की मेंढी फार बारीक आहे.

"बारीक?" आप्पांचा आवाज परत आला. "तिला सांग, दख्खनी हाय म्हणावं. चाळीस कोस चालती. तुझ्या मेंढरांला जीप लागती."

नंतर माझी बदली दौंडला झाली आणि आम्ही शिरूर सोडलं. चार-पाच वर्षांनी, पाऊस नुकताच उघडला होता, ऊन चटके द्यायला लागलं होतं, तेव्हा चौफुल्याच्या थांब्यावर मला आप्पा दिसले. सिमेंटच्या बाकावर बसले होते, मांडीवर पत्र्याचा डबा. पाठीत थोडे वाकले होते. मी पाया पडलो. डब्याकडे बघून विचारलं, "खुटबाव?"

"तर. चारायला."

आक्कांची चौकशी केली. मजेत होत्या. यंदा कंद त्यांनी स्वतः पुसून डब्यात रचले होते. मग जीनबाईंचं विचारलं.

"गेली की," आप्पा म्हणाले. "गेल्या माघात. बबन माती द्यायला गेला व्हता."

 मी विचारलं, आता फोटो कुणाला पाठवणार?

आप्पांनी मला जरा न्याहाळलं, बँकेतल्या माणसाला असं काही विचारावंसं वाटणारच, अशा नजरेने. "भाऊसाहेब, मेंढरं धन्याची असत्यात. धनी ऱ्हायला न्हाई म्हून चारायचं ऱ्हातं का? तिची हायेत म्हून तर न्हेतो."

पुढची गाडी कधी येणार कुणालाच ठाऊक नव्हतं. थांब्यावरची माणसं घड्याळं बघत होती, एक बाई पोराला घेऊन जीपवाल्याशी बोलायला निघाली होती. गाडी आता येत नाही, असं कुणीतरी म्हणालं. आप्पांनी मान वर केली आणि बसल्या जागेवरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं सांगितलं, "लेट हाय, रद्द न्हाई."

बाई पोराला घेऊन परत येऊन बसली.

माझी दौंडची गाडी आधी आली. मला खिडकी मिळाली. गाडी वळताना मी मागे पाहिलं. बाकावरची सावली सरकून गेली होती. आप्पांनी काळी छत्री उघडली होती, आणि छत्री डब्यावर होती, आप्पा उन्हात.